लहानीच्या टाकीतला तुकडा

माझ्या हाताने लोणचं नासतं, हे आमच्या घरात मी दहा वर्षांची असतानाच ठरून गेलं. एकदा, फक्त एकदा मी बरणीत हात घातला आणि आठवड्याने वर पांढरी बुरशी आली. आईने ती बरणी परसात उपडी केली आणि म्हणाली, "तुह्या हाताले गुण नाई व माय. लहानीले घालू दे." लहानी म्हणजे माझी धाकटी बहीण. तेव्हा सात वर्षांची होती, स्वतःचं नाक पुसायची अक्कल नव्हती तिला. पण त्या दिवसापासून दह्याला विरजण लहानीने लावायचं, पापडाच्या पिठाला पहिला हात लहानीचा, कुंडीत रोप लहानीने लावायचं. मी बाजूला उभी राहून बरणीचं झाकण धरायची. चाळीस वर्षं झाली, तरी अजूनही ताटात लोणचं वाढलं की मला ते झाकण आठवतं.

हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, वर्ध्याच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी बाई, आणि असं वागते? हो, वागले. जळत होते मी. सख्ख्या बहिणीवर जळत होते.

आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात प्रवाळाचा एक पांढरा सांगाडा आहे. चोवीस वर्षं मी तोच पोरांना दाखवत आले. हा जिवंत असताना रंगीत असतो, ह्याला तोंड असतं, बोटं असतात, असं सांगायचं आणि सांगाडा पुन्हा कपाटात ठेवायचा. मागच्या उन्हाळ्यात मोबाईलवर लोकांच्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या बघता बघता मला वेडच लागलं. आपल्या हॉलमध्ये समुद्र! आमचे हे म्हणाले, "वर्ध्यात नळाले तिसऱ्या दिवशी पाणी येते अन् तू समुद्र आणून राह्यली." मी म्हटलं, तुम्ही बघाच.

नागपूरहून दोन फुटी काचेची टाकी आणली. दगड आणले, समुद्री मीठ आणलं, पंप आणला. दुकानदार बिचारा समजावत होता की मॅडम, दगडात जिवाणू बसायला महिना-सव्वा महिना लागतो, तोवर मासे नेऊ नका. मी त्याला म्हटलं, "दादा, नायट्रोजनचं चक्र मला शिकवू नका, मी ते पोरांना शिकवते." आणि आठव्या दिवशी केशरी पट्ट्यांचे दोन क्लाऊन मासे सोडले. अकराव्या दिवशी दोघं वर तरंगत होते. पाणीही मी बोअरचंच घातलं होतं. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो, तरी घातलं.

त्याच सुमारास लहानी घरी आली. ती पवनारला दिली आहे. नदीकाठी त्यांची वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, यांची शेती आहे, आठवड्यातून दोनदा माल घेऊन ती वर्ध्याला येते. बिनमाशांची टाकी बघून तिने विचारलं, "ताई, ह्या गोट्याइत जीव हाये का अजून?"

मी म्हटलं, "होता. आता नाही. घेऊन जा सगळं. गप्पी-बिप्पी सोड त्यात, पोट्टे खेळतील."

रागात दिलं मी ते. डोळ्यांसमोर नको होतं. आणि तिने मालाच्या गाडीत, रिकाम्या कॅरेटांच्या मधे पोत्यात गुंडाळून टाकी नेली, दगड माझ्याच खाऱ्या पाण्यात बुडवून नेले. मिठाच्या डब्यावर दुकानाचा नंबर होता, त्यावर त्या दुकानदाराला फोन लावला. मी ज्याला गप्प केलं होतं त्याचं तिने सगळं ऐकून घेतलं. मग गावातल्या आरओच्या पाण्याच्या कॅन आणून टाकी भरली आणि नुसते दगड घालून पंप चालू ठेवला. महिना झाला, दीड महिना झाला. मी एकदा फोनवर विचारलं, "काय गं, मासे कुठे आहेत? दगडं पाळलीस का?"

"कुजू देऊन राह्यली, ताई. शेणखत कच्चंच टाकलं त रोप जळते नं. तसंच हाये हे."

चोवीस वर्षं नायट्रोजनचं चक्र फळ्यावर काढणारी मी! त्याच आठवड्यात मी साडेतीन फुटी नवी टाकी घेतली. पांढरा स्टँड, निळा दिवा, सगळं नवंकोरं. ह्या खेपेला मीही थांबले, आरओचं पाणी घातलं, सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. मासे जगले. पण प्रवाळ म्हणून जे जे आणलं ते दोन दिवस उघडायचं आणि मग मिटून बसायचं. काचेवर तपकिरी शेवाळ धरायचं. मी खरवडायची, ते पुन्हा धरायचं.

ऑक्टोबरच्या उन्हात टाकीचं पाणी रोज बोटभर उडायचं. मी रोज मिठाचं पाणी कालवून ते भरून काढत होते. एकदा लहानी मेथीची जुडी द्यायला आली आणि बघतच राहिली.

"ताई, हे मिठाचं पाणी काऊन टाकून राह्यली?"

"समुद्राची टाकी आहे बाई ती. मग काय साखरेचं टाकू?"

"तसं नाई व. उडते ते पाणी. मीठ कुठी जाते? भाजी आटली त तू वरून मीठ टाकते का पाणी?"

आमचे हे सोफ्यावर पेपर वाचत होते. पेपर बाजूला ठेवून ते इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मॅडमचे मॅडम!" म्हणाले. मी खारेपणा मोजायची नळी काढून बघितलं. आकडा कुठल्या कुठे चढला होता. महिनाभर मी त्या जिवांना खारवून ठेवत होते, कैरीच्या फोडींसारखं. लहानी मेथी ठेवून हसत हसत गेली. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आठ दिवस मी तिचा फोन उचलला नाही.

दिवाळीत पवनारला गेले आणि तिथे जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. लहानीच्या पुढच्या खोलीत एका बाजूला लसणाच्या गोण्या, दुसऱ्या बाजूला फवारणीचा पंप, आणि मधे लोखंडी टेबलावर माझी टाकी. माझी! काच आरशासारखी स्वच्छ. दोन क्लाऊन मासे घरच्यासारखे फिरत होते. आणि मधल्या दगडावर, मी रागाने फेकलेल्या त्याच दगडावर, झेनिया पसरलं होतं. झेनिया म्हणजे एक मऊ प्रवाळ. बोटभर उंचीची गुलाबीसर पांढरी देठं, प्रत्येकाच्या टोकाला आठ बोटांचे पंजे, आणि ते पंजे सारखे उघडमीट करतात, उघडमीट करतात. शंभर तरी असतील. ह्या जातीला आठच बोटं असतात हे मी पोरांना परीक्षेला घालते. जिवंत पंजा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि पाहिला तोही लहानीच्या घरी.

"कुठून आणलंस?" मी विचारलं.

"दुकानदारानं नखाएवढा तुकडा फुकट देल्ला. म्हणे, लावून पाहा मावशी. त लावला."

लावला! समुद्र एकदाही न पाहिलेली बाई. आईचा आवाज माझ्या कानात वाजला, लहानीले घालू दे. आयत्या बिळावर नागोबा, असं मी मनात म्हटलंसुद्धा. माझी टाकी, माझे दगड, आणि कौतुक हिचं.

आणि कौतुक तरी किती! पवनारच्या बाया भाजी तोडायला आल्या की आधी टाकी बघायच्या. माझ्याच कॉलेजातली पोरं सायकली हाणत तिकडे जाऊन आली. कळस म्हणजे आमच्या स्टाफरूममध्ये एका सरांनी मलाच विचारलं, "मॅडम, बारावीच्या पोरांना तुमच्या बहिणीकडे नेऊ या का? प्रत्यक्ष बघतील." मी हसून हो म्हटलं आणि चहा तसाच टाकून वर्गावर निघून गेले. त्या दिवशी मी पोरांवर उगीचच ओरडले.

आता कुणी म्हणेल, झेनियाचा एक तुकडा मागायचा होता. लहानीने अख्खा दगड उचलून दिला असता. तेच तर मला नको होतं. तिने दिलं, तिच्या हाताच्या गुणाने जगलं, असं व्हायला नको होतं. शिवाय आमच्या कॉलनीत सगळ्यांना पाठ असलेली एक गोष्ट आहे: मनीप्लांट मागून आणलं तर लागत नाही, चोरून आणलं तरच लागतं. आमच्या कॉलनीतले सगळे मनीप्लांट असेच ह्या कुंपणावरून त्या कुंपणावर गेलेले आहेत. मीही नेलेले आहेत. अंधश्रद्धेवर भाषणं देणारी मी, पण मनीप्लांटच्या बाबतीत नाही. तर मी ठरवलं की झेनिया चोरायचं.

संक्रांतीचं हळदीकुंकू लहानीकडे होतं. पंचवीस-तीस बाया, मागच्या अंगणात सतरंज्या, तिळगूळ, चिवडा, हसणं-खिदळणं. लहानीने दारातच मला हळदीकुंकू लावलं. बाकीच्या बायांना ती गुलाबाचं अत्तर लावत होती. माझ्यासाठी तिने आतून एक इवलीशी बाटली आणली.

"वाळ्याचं हाये. आईच्या पेटीतलं. तुले आवडते म्हणून ठेवलं."

आईची बाटली हिच्याकडेच कशी, हेच मला आधी सुचलं. तिने माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर अत्तराचं बोट ओढलं. वाण म्हणून झाकणाचा प्लास्टिकचा डबा हातात दिला आणि ती मागे पळाली, कारण चिवडा वाढायचा होता.

पुढच्या खोलीत मी एकटी राहिले. डब्यातला तिळगूळ पिशवीत काढला, डबा टाकीत बुडवून पाण्याने भरून घेतला. मग बाही वर सारून कोपरापर्यंत हात घातला. बांगड्या काचेवर वाजल्या तसं मी दाराकडे बघितलं. पाणी कोमट होतं. बोट लागताच झेनियाचे सगळे पंजे एकदम मिटले. मी देठाच्या बुडाशी नखं रुतवली आणि चिमटा काढून चार-पाच देठांचा तुकडा तोडला. बुळबुळीत होता. डब्यात टाकून झाकण लावते न लावते तोच दारातून लहानीची मोठी जाऊ डोकावली.

"ताई, एकल्याच काय करून राह्यल्या इथं? मांगं या नं, चिवडा थंडा व्हते."

"मासे बघते आहे," मी म्हटलं. ओली बाही पदराखाली घेतली.

चिवडा तसाच ठेवला. कॉलेजचं काम आहे म्हणून मी निघाले, आणि ऑटोत पिशवी मांडीवर धरून बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, ऑटोवाल्याने आरशात बघितलं तरी वाटायचं, ह्याला कळलं. घरी येऊन तुकडा टाकीत सोडायची वेळ आली तेव्हा मी हात पुढे केला आणि मागे घेतला. माझ्या हाताला गुण नाही. इतक्या लांबून, इतक्या जिवावर उदार होऊन आणलेलं, माझा हात लागून मेलं तर? मी स्वयंपाकघरातून लांब दांड्याचा चमचा आणला, चमच्यानेच तुकडा उचलून दगडाच्या खाचेत ठेवला. हात पाण्याला लागूसुद्धा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुकड्याचे पंजे उघडले. उघडमीट, उघडमीट. मी एकटीच टाळ्या पिटल्या, हो, अक्षरशः पिटल्या. ह्यांनी विचारलं, कुठून आणलं? मी म्हटलं, नागपूरहून.

तिसऱ्या दिवशी लहानीचा फोन आला. आवाज बसलेला होता. "ताई, टाकीतून फेसच फेस येऊन राह्यला. परवापासून. डबके झाले खाली. झेनिया सारं गळून गेलं, नुसता शेंबूड झाला त्याचा. एक मासा सकाळी मेला. दुसरा आडवा पडला. तू शिकवते नं हे, काय झालं असंल?"

मी फोन कानाला धरून उभी होते. दुसरा हात नकळत नाकाशी गेला. दोन दिवस झाले होते, भांडी घासून झाली होती, तरी हाताच्या पाठीवर बारीकसा वाळ्याचा वास होता. मी त्या हाताने, अत्तर लावलेल्या हाताने, तिच्या टाकीत ढवळलं होतं. अत्तराचं तेल अशा टाकीत काय करतं हे पहिल्या वर्षाच्या पोराने सांगितलं असतं. आणि माझी टाकी वाचली ती चमच्यामुळे.

"ताई?"

"पाणी बदल," मी म्हटलं. "अर्धं तरी बदल. होईल नीट."

एवढंच बोलले. दुसरा मासाही गेला.

रविवारी पवनारला गेले. जाणं भाग होतं, नाही गेले तर संशय आला असता. टाकीत नुसते दगड होते. लहानी खाली बसून फरशी पुसत होती. तिची जाऊ दाराला टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "नजर लागली कोणाची तरी. हळदीकुंकवाले इथं एकलं कोण कोण बसलं होतं, मोजून पाहा."

लहानीने फडकं पिळलं आणि मान वर न करता म्हणाली, "नजर-बिजर काई नाई, बाई. माह्याच हाताचा गुण गेला. वय झालं आता."

खरं सांगू? मला बरं वाटलं. लाज वाटली ती नंतर, आधी बरंच वाटलं. चाळीस वर्षं जे ऐकायची वाट बघत होते ते तिच्याच तोंडून ऐकलं. ऑटोत बसून परत येताना मी चक्क गुणगुणत होते.

माझ्याकडे झेनिया वाढत गेलं. फेब्रुवारीत अर्धा दगड भरला, मार्चमध्ये दुसऱ्या दगडावर चढलं. ते सर अकरावीच्या पोरांना माझ्याकडे घेऊन आले. पोरं काचेला नाकं लावून बघत होती, मॅडम भारी, मॅडम भारी म्हणत होती. मी आठ बोटं मोजून दाखवली. ह्यासाठीच जीव टाकला होता मी. पण कुणी "तुमच्या हाताला गुण आहे हो मॅडम" म्हटलं की मला त्या माणसाचाच राग यायचा.

आणि पवनारला लहानीचं ते एक वाक्य तिच्या जावेने वेचून घेतलं होतं. लहानीचं लग्न झालं तेव्हापासून त्यांच्या शेतात दर हंगामाचं पहिलं मूठभर बी लहानीच टाकायची. तिच्या सासऱ्यांचा तसा हट्ट असायचा. उन्हाळी भेंडीच्या वेळी जाऊ म्हणाली, तिनंच म्हटलं नं गुण गेला म्हणून, मंग कायले आपलं बी वाया घालवता? सासऱ्यांनी बी मोठीच्या हातात दिलं. हे लहानीनेच मला फोनवर सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. मी हं हं केलं आणि तास आहे म्हणून फोन ठेवला.

मग कैऱ्या आल्या. लोणच्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. कैरी कुठली घेतली, मोहरी केवढी, असलं बोलणं चाललं होतं. मी सहज विचारलं, "यंदा किती बरण्या?"

"चार. मोठी घालते औंदा. मी झाकण धरतो," लहानी म्हणाली आणि हसली.

ते हसू मला माहीत होतं. दहाव्या वर्षी मी तसंच हसायची, म्हणजे कुणाला कळू नये. मी फोन ठेवून टाकीसमोर जाऊन बसले. ते शंभर-दीडशे पंजे उघडमीट करत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. माझं झाकण मी हिच्या हातात दिलं होतं. आईने निदान अजाणता दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत मी झेनियाचा भरलेला दगड उचलला, ह्यांच्या पाण्याच्या मोठ्या कॅम्परमध्ये टाकीचं पाणी घालून त्यात ठेवला, कॅम्पर स्कुटीवर पायाशी बांधला आणि निघाले. पवनारला पोचले तेव्हा स्वयंपाकघरात परातभर कैरीच्या फोडी होत्या. जाऊ मसाला कालवत होती. लहानी खरंच झाकण घेऊन बसली होती, तिच्या सासूबाई पाटावर.

मी कॅम्पर खाली ठेवला आणि उभ्या उभ्याच बोलले, कारण बसले असते तर बोलले नसते. "हळदीकुंकवाच्या दिवशी मी टाकीत हात घातला होता. चोरून. तुकडा तोडायला. हाताला अत्तर होतं, त्याने सगळं मेलं. हिच्या हाताला काही झालेलं नाही. लोणचं हिला घालू द्या."

जावेचा हात मसाल्यातच थांबला. सासूबाई म्हणाल्या, "काय व बाई! शिकेल-सवरेल तू!" मी मान खाली घातली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

लहानीने झाकण बरणीवर ठेवलं, कॅम्पर उचलला आणि पुढच्या खोलीत गेली. मी तिच्यामागे गेले. टाकीत दगड होते, स्वच्छ पाणी होतं, आणि पंप चालू होता. पाच महिने!

"ही बंद नाही केलीस?" मी विचारलं.

"एक तुकडा बाहेर गेलता नं. येईनच म्हटलं कधीतरी."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला.

"तुला माहीत होतं?"

"दगडावरच्या शेवाळात नखाच्या खुणा होत्या. अन् फेसाले वाळ्याचा वास होता, ताई. बाकीच्याइले मी गुलाबाचं लावलं होतं. वाळ्याचं एकल्या तुह्याच हाताले."

"मग बोलली का नाहीस? मेले, स्वतःच्या हातावर घेतलंस? बी गेलं, लोणचं गेलं, तरी गप्प?" मी ओरडलेच तिच्यावर. चूक माझी आणि ओरडत होते मी.

"जाऊबाई तुह्याकडं पाहून राह्यली होती. नजरेचं नाव तुह्यावर आलं असतं. मंग तू पुन्हा ह्या दारात आली असती का?" तिने कॅम्परचं झाकण उघडलं आणि आत वाकून पाहिलं. "माय व! केवढं केलं तू हे! मंग तुह्या हाताले गुण नाई कसा?"

"मी हात नाही लावला. चमच्याने ठेवलं होतं. माझा हात लागून मरेल म्हणून."

लहानी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं हसेल, पण ती हसली नाही. आणि मी, पन्नाशीची बाई, तिथे उभी राहून रडत होते. रडता रडताही जळत होते, खोटं कशाला बोलू. गप्प राहण्यातसुद्धा ही माझ्या पुढे निघून गेली होती.

आतून सासूबाईंची हाक आली, "लहाने, मसाला वाळून राह्यला. ये, हात घाल बरणीत."

"आली," लहानी म्हणाली, पण ती जागची हलली नाही. तिने कॅम्पर टाकीजवळ सरकवला आणि मला मोरी दाखवली.

"जाय, हात धुऊन ये. साबण नोको लावू, नुसत्या पाण्यानं धू. दगड तूच ठेव आतमंदी. चमच्यानं नाई, हातानं."

मी मोरीवर गेले आणि कोपरापर्यंत हात धुतले. पुसताना उजव्या हाताची पाठ नाकाशी नेऊन पाहिली. मग पुन्हा एकदा धुतले.